खाली चढली

व्यायामशाळेत आरसा बघायला असतो, हे मला फार उशिरा कळलं. सुरतच्या उधना भागातल्या आमच्या गाळ्यात एक होता, पण सरांनी त्याला चुना फासून ठेवला होता. नवीन आलेला गडी बाही वर करून त्याच्यासमोर उभा राहायचा आणि चुन्याकडं बघून ओशाळायचा. सर मागून म्हणायचे, "न्हाव्याच्या दुकानात आला काय बे? दंड पाहायची गोष्ट नाही. चालव त्याले, चालव."

सर म्हणजे आमच्या मराठी शाळेतले पी.टी.चे सर. मी त्याच शाळेत विज्ञान शिकवायचो. माझा बाप खानदेशातून येऊन लूमवर लागला आणि लूमवरच म्हातारा झाला. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी न विचारता सांगतो आणि सांगताना मला लाज वाटत नाही. सरांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं असावं, कारण त्यांनी मला नावानं कधी हाक मारलीच नाही. "ओ बीएस्सी!" अशी त्यांची हाक शाळेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची. मला आधी वाटलं, टिंगल करतात. मग एकदा कानावर आलं, कुणा पालकाला सांगत होते, "हे आमचे बीएस्सी," आणि सांगताना त्यांचीच छाती माझ्यापेक्षा जास्त फुगली होती. त्या दिवसापासून त्या हाकेला मी ताठ मानेनं ओ देऊ लागलो.

सर अकोल्याकडचे. तरुणपणी वजनं उचलायचे, चांगली मोठी. एका स्पर्धेत पाठ गेली आणि डॉक्टरनं जड उचलायची कायमची बंदी केली. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता. सर सुरतला आले, शाळेत लागले, आणि संध्याकाळी उधन्यातल्या एका गाळ्यात त्यांनी लोखंड मांडलं. गाळ्याच्या भिंतीला भिंत लागून लूमचं खातं, म्हणजे कारखाना होता. तिथली खटखट जमिनीतून तळपायात शिरायची. आत दोन माणसं बोलायला लागली की बाहेरच्याला भांडण चाललंय असं वाटे.

लोखंडाला त्यांनी नाती लावली होती. सगळ्यात मोठी प्लेट म्हणजे सासू. सगळ्यात लहान ती सून. मधल्या सगळ्या नणंदा आणि जावा. रॉडला ते दांडी म्हणत. "दांडीले आज दोन्हीकडून नणंदा लाव," असं म्हटलं की कोणती प्लेट ते आम्हाला बरोबर कळायचं. स्वतः सरांना ना सासू होती ना सून. त्यांनी लग्नच केलं नव्हतं. एकदा गाळ्यातल्या एकानं विचारलं, "सर, तुम्ही का नाही केलं?" तर बाकावरच्या लोखंडाकडं हात करून म्हणाले, "एवढ्या बाया घरात असताना?"

आता पट्ट्यांचं सांगतो. कारण सरांना ओळखणारे त्यांना पट्टीवाले सर म्हणूनच ओळखत.

गादीच्या जाड सुती कापडाच्या, चार बोटं रुंदीच्या पट्ट्या त्यांनी शिवून घेतल्या होत्या. दंडाच्या अगदी वर, काखेजवळ ती पट्टी बांधायची आणि मग सून लावून, म्हणजे अगदी हलकं वजन घेऊन, दमछाक होईपर्यंत दांडी वरखाली करायची. एवढाच प्रकार. पण तो सरांचा जीव होता; जड उचलायची बंदी असलेले त्यांचे स्वतःचे दंडही पट्टीवरच टिकले होते. पट्ट्या रोज धुवायचे. त्यांच्या खोलीबाहेरच्या दोरीवर त्या अशा ओळीनं वाळत असायच्या की चाळीतल्या नवीन माणसाला वाटे, आत कुणीतरी आजारी आहे. खिशातही एखादी असायचीच. शाळेत एकदा घाम पुसायला रुमाल म्हणून तीच काढली, तर मोठ्या बाई घाबरून म्हणाल्या, "सर, कुठं लागलं?" सुरतच्या कापडाचा त्यांना राग होता. "अख्खं शहर साड्या विणून रायलं, अन् कामाची एक पट्टी भेटत नाही. सगळं घसरते."

नवीन पोरं मागं लागायची, सर, आम्हाला बांधा. कारण हलक्या वजनात दंड फुगतो, हे त्यांनी पाहिलेलं असायचं. सर त्यांना हाकलून द्यायचे. "तुह्या दंडात आहे काय अडवाले? नदीचा पत्ता नाही अन् धरण बांधतो!" ज्यानं वर्षानुवर्षं सासू सांभाळली, त्यालाच सून मिळायची. ज्यांचे सांधे जड वजनानं कुरकुरायला लागलेत, ज्यांना पुढं जायचंय पण हाडं नाही म्हणतात, अशा जुन्या माणसांसाठी ती पट्टी होती. आणि एक नियम सगळ्यांना सारखा होता: ज्यानं बांधली त्यानंच सोडायची. आपल्या दंडाची पट्टी आपण सोडली तर दुसऱ्या दिवशी गाळ्यात पाय ठेवायचा नाही. चोरून कुणी बांधू नये म्हणून तो नियम होता. पण हळूहळू तो देवाच्या गंड्यासारखा झाला होता.

माझं कोपर दुखायला लागलं तेव्हा मला तो मान मिळाला. कॉलेजात असल्यापासून मी वजनं करत होतो, त्यामुळं सरांनी फार आढेवेढे घेतले नाहीत. पट्टी बांधली, तिच्याखाली स्वतःचं एक बोट सारून बघितलं, मग माझ्या मनगटावर नाडी धरली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत बसले. "चालू आहे. कर." सुनेचं वजन ते काय! पहिल्या फेरीत मला हसू येत होतं. दुसऱ्या फेरीत हसू गेलं. तिसऱ्या फेरीत दंड असा पेटला की आत कुणी निखारे सारतंय असं वाटलं. सर कानाशी ओरडत होते, "मुंग्या आल्या काय? मुंग्या?" मी मान हलवून नाही म्हणालो. आग चालेल, मुंग्या चालणार नाहीत, असं त्यांचं होतं. मुंग्या म्हटलं की त्याच क्षणी पट्टी सुटायची. फेरी संपून पट्टी सुटली, आणि रक्त असं धावलं की हात माझाच नाही असं झालं. कोपर मात्र गप्प होतं.

मी बीएस्सी. मला राहवलं नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की सर, रक्त हाताकडं नेणाऱ्या धमन्या खोल असतात, परत आणणाऱ्या शिरा वरवर असतात. बेताच्या दाबानं शिरा अडतात, धमन्या चालू राहतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असंन. मी एवढंच समजतो की येणाऱ्याले अडवायचं नाही. जाणाऱ्याले म्हणायचं, बसा राजेहो, चहा घेऊन जा. पाहुणा थोडा वेळ थांबते, घरात रौनक येते. पण दाराले कुलूप लावलं, तर तो पाहुणचार नोहे." पुढं बऱ्याच वर्षांनी मी वाचलं की परदेशात ही गोष्ट रीतसर चालते, यंत्रानं दाब मोजून. आमच्याकडं यंत्र म्हणजे सरांचं बोट.

ही विद्या त्यांना कुठं मिळाली, ते मात्र त्यांनी धड कधी सांगितलं नाही. एकाला सांगितलं, शेतात साप चावला होता, गावच्यांनी हात आवळून बांधला आणि तसाच मी विहिरीचं पाणी ओढत राहिलो. दुसऱ्याला सांगितलं, हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या फार घट्ट बांधल्या होत्या. मला म्हणाले, स्वप्नात आलं. मी म्हटलं, सर, तिन्ही खोटं वाटतं. तर म्हणाले, "मंग तुम्ही बीएस्सी आहात, तुम्ही एखादं खरं सांगा."

भिकन या गाळ्यात आला तेव्हा आधीच तयार पहिलवान होता. आमच्यासारखाच खानदेशी, पण जन्म सुरतचा, राहायला गोडादऱ्याला. गुजराती शाळेत आठवीपर्यंत शिकला आणि लूमवर लागला. आईशी अहिराणी बोलायचा, बाकी जगाशी गुजराती. मराठी त्याला समजायची, पण बोलायला लागला की अर्ध्या वाटेत गुजराती त्याला गाठायची. छातीवरून दांडी उचलण्यात त्या भागात त्याला जोड नव्हता. राज्याच्या संघाची निवड होणार होती, आणि संघात आलेल्याला रेल्वेत खेळाडू म्हणून घेतात, असं त्याला खात्रीलायक कळलं होतं. "संघमां आलो ने सर, तर लूम सुटली समजा," असं तो म्हणायचा. लूम सुटणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको. माझा बाप लूमच्या आवाजानं बहिरा झाला होता.

निवडीला थोडेच दिवस राहिले आणि भिकनचा डावा खांदा धरला. सासू घेतली की खांद्यातून कळ जायची. तो सरांसमोर येऊन लहान पोरासारखा रडला. सर म्हणाले, "रडतो काहून बे? सून आहे ना घरात."

त्या दिवसांत मी सरांना जितकं खुशीत पाहिलं, तितकं आधी कधी पाहिलं नव्हतं. आपली पाठ गेली तेव्हा ही पट्टी आपल्याजवळ नव्हती, ही सल त्यांच्या मनात होती. बोलत नसत, पण असायची. भिकनच्या दंडावर पट्टी बांधताना त्यांचं तोंड बघितलं की कळायचं. खांद्याला विसावा मिळून भिकनचे दंड आणि छाती टिकून राहिली, उलट भरलीच. लोक हसायचे, एवढा मोठा गडी आणि पोरीबाळींची वजनं करतोय. सर म्हणायचे, "हसू द्या. निवडीच्या दिवशी मुंग्या त्यायले येतीन."

मुंग्यांवरून एक आठवलं. सर शेंगदाणे आणि गूळ खायचे, आणि गुळाचा डबा गाळ्यातच ठेवायचे. त्यामुळं गाळ्यात मुंग्यांची रांग कायम. भिकनला ते प्रत्येक फेरीला विचारायचे, "मुंग्या आल्या काय?" भिकन मान वळवून बाकाच्या कडेला बघायचा आणि म्हणायचा, "ना, सर." मी हे कितीदा तरी पाहिलं. मला वाटे, आगीतून लक्ष काढायला तो इकडंतिकडं बघतो.

त्या संध्याकाळी मी गाळ्यावर नव्हतो. सहामाहीचे पेपर तपासत घरी बसलो होतो. सरांनी बाकीच्यांना लवकर घालवून दिलं होतं. निवड अगदी तोंडावर आलेली. एरवी सर फार तर तीन फेऱ्यांनंतर पट्टी सोडत. त्या दिवशी त्यांना लोभ सुटला. मधे न सोडता, बांधलेलीच ठेवून, फेरीवर फेरी. दंड सुजत गेला, पट्टी तेवढीच राहिली. सर विचारत होते, मुंग्या? भिकन बाकाकडं बघून म्हणत होता, ना. मग तो काहीतरी ओरडला. सर म्हणाले, "शाबास! अजून!" तो पुन्हा ओरडला. सर म्हणाले, "अजून चढव!" पट्टी सोडायचा हक्क सरांचा. भिकननं दात आवळून दांडी चढवली.

पट्टी सुटली तेव्हा डावा पंजा मनगटातून खाली लोंबत होता. भिकन तो उचलायला गेला, तर उचलला जाईना.

डॉक्टर म्हणाले, नस दबली आहे, वेळ लागेल, किती परत येईल ते सांगता येत नाही. निवड होऊन गेली. लूमवर धागा तुटला की दोन्ही हातांनी चटकन गाठ मारावी लागते. भिकनच्या डाव्या बोटांना धागा धरता येईना. मालकानं त्याला कापडाचे ताके वाहायच्या कामावर टाकलं. उजव्या खांद्यावर ताका घेऊन तो जायचा आणि डावा हात पोटाशी धरलेला असायचा, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला दिल्यासारखा.

आणि सर बिघडले. मला तो काळ आठवायला आवडत नाही, पण व्यक्तीबद्दल लिहायचं तर तेही लिहावं लागतं. चहाच्या गाडीवर, शाळेत, जो भेटेल त्याला ते सांगत सुटले. "माह्या पट्टीनं हात नाही गेला. लबाडीनं गेला. फेरीफेरीले विचारलं मी, मुंग्या आल्या काय. नाही म्हणे. रेल्वेच्या नोकरीपायी खोटं बोलला पोट्टा." त्यांना ते तसं मानावंच लागत होतं. नाही मानलं तर त्यांच्या बोटानं, त्यांच्या कानानं, त्यांच्या सबंध आयुष्यानं दगा दिला असं झालं असतं. भिकनच्या कानावर हे गेलं. गाळ्याच्या रस्त्यानं जायचंच त्यानं सोडलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोडादऱ्याला त्याच्या घरी गेलो. आईनं चहा टाकला. भिकन खाटेवर बसला होता. मी विचारलं, कसं आहे हाताचं?

"तेवढंच, भाऊ. आखो दिवस खाली चढलेली असते."

मी सुरतेत वाढलेला. गुजराती मला पाण्यासारखी येते. पण मघापासून मराठीत बोलत होतो म्हणून असेल, ते दोन शब्द माझ्या कानात क्षणभर अडकले.

"भिकन, त्या दिवशी तू सरांना काय ओरडून सांगितलंस? शब्दन्‌शब्द सांग."

"हेच. खाली चढली. खाली चढली, सर. बे-त्रण वेळा बोललो. सर बोलले, शाबास."

हात बधिर होऊन मुंग्या येतात, त्याला गुजरातीत खाली चढणं म्हणतात. सुरतेतलं शेंबडं पोरगं हे म्हणतं. पण सर अकोल्याचे, शाळेत मराठी, गाळ्यात मराठी, बाजारात हिंदी. शेजारी लूम खटखटताहेत, समोर माणूस दांडी छातीवर आणतोय आणि वर नेतोय, आणि ओरडतोय: खाली, चढली. खाली, चढली. वऱ्हाडी कानानं दुसरं काय ऐकावं?

"आणि सर मुंग्यांचं विचारायचे तेव्हा?"

"नव्हती ने भाऊ किडी. गुळाच्या डब्याला असायची. बाकावर कधी नाय दिसली. मला वाटे, सरांना किडीची भारी बीक."

किडी म्हणजे मुंगी, बीक म्हणजे भीती; तो खऱ्याच मुंग्या शोधत होता. मला हसू आलं. खरं सांगतो, आलं, पण टिकलं नाही. चहा तसाच राहिला.

मी गोष्ट पोटात ठेवणारा माणूस नाही. पण ही मी सुट्टी संपेपर्यंत ठेवली. भिकनच्या डोक्यावरचं लबाडीचं ओझं उतरवायचं, तर ते उचलून सरांच्या डोक्यावर ठेवावं लागणार होतं, आणि ते त्यांच्या पाठीला पेलेल का, हे मला कळत नव्हतं. शेवटी ठरवलं की खरं कुणाचं आहे तर भिकनचं, आणि ते त्याला मिळायलाच पाहिजे.

शाळा उघडली. मधल्या सुट्टीत मी सरांना शिक्षकांच्या खोलीत गाठलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली होती. ती ते उलगडेनात.

"पुन्हा म्हणा."

"खाली चढली."

"जोरात म्हणा. लूम चालू आहेत असं समजून म्हणा."

मी ओरडून म्हणालो. बाकीचे शिक्षक बघायला लागले. सर बराच वेळ नुसते ओठ हलवत होते, चव घेऊन बघितल्यासारखे. मग म्हणाले, "पोट्टा खरं बोलून रायला होता, बीएस्सी. अन् मी त्याले शाबासकी देऊन रायलो होतो."

त्या दुपारी शाळेत पी.टी. झाली नाही. सर सायकल काढून निघून गेले.

गोडादऱ्याला काय झालं ते मला भिकनच्या आईनं सांगितलं. सर दारात उभे राहिले, चपला काढल्या, पण आत आले नाहीत. भिकनला म्हणाले, "तू लबाड नाही. मी बहिरा." माउलीला त्यांचं एवढंसं झालेलं तोंड बघवेना. तीच अहिराणीत म्हणाली, "हात शे ना, सर. तुटी थोडाच गया? बसा." तेव्हा ते उंबऱ्यावरच बसले आणि भिकनचा तो पंजा त्यांनी मांडीवर घेतला.

त्यानंतर ते रोज शाळा सुटली की गोडादऱ्याला जायचे. पंजा मांडीवर घेऊन एकेक बोट उचलायचे, सोडायचे, पुन्हा उचलायचे. कणकेचा गोळा करून द्यायचे आणि दाबायला लावायचे. गाळा त्यांनी दुसऱ्याच्या हवाली केला, लोखंडासकट. पट्ट्या कुठं गेल्या मला माहीत नाही. खोलीबाहेरची दोरी रिकामी दिसायची. स्वतःही त्यांनी त्या दिवसानंतर वजनाला हात लावला नाही, आणि एरवी बाहीत न मावणारे ते दंड वर्षभरात असे उतरले की सदरा दुसऱ्याचा घातल्यासारखा वाटे.

आणि ते गुजराती शिकायला लागले. पण कशी? भाजीवाली, शिपाई, रिक्षावाला, कुणालाही थांबवून ते स्वतःच्या अंगाला हात लावत आणि विचारत, "हे इथं असं होते, त्याले तुमच्यात काय म्हणता?" पोटरीत गोळा येतो त्याला काय, आग होते त्याला काय, अंग ठणकतं त्याला काय, चुरचुरतं त्याला काय. गोटला, बळतरा, कळतर, चचरे. हे शब्द ते पी.टी.च्या तासाला पोरांकडून घोकून घ्यायचे. केळी कशी दिली, हे त्यांना शेवटपर्यंत गुजरातीत विचारता आलं नाही. पण माणसाला जेवढी म्हणून दुखणी होतात, तेवढी सगळी सर गुजरातीत जाणत होते.

उन्हाळ्यात एकदा मी तिथं असताना भिकन बोटं उचलता उचलता थांबला. तोंड उजळलं त्याचं. म्हणाला, "सर, मुंग्या. मुंग्या आल्या!" मेलेल्या नसेत जीव परत येताना आधी मुंग्याच येतात, डॉक्टरांनी सांगितलं होतं. सर म्हणाले, "तुह्या बोलीत सांग." भिकन म्हणाला, "नाय सर, तुमच्यातच सांगतो." सर उठून मोरीकडं गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले.

हात परत आला, पण सगळा नाही. पेला धरता यायला लागला, सदऱ्याची गुंडी लावता यायला लागली. गाठ मारता येईना, आणि जड काही फार वेळ धरलं की बोटं आपोआप उघडायची. भिकन सरांना म्हणायचा, हात पूर्ण बरा आहे. सर बघायचे आणि पुढचं बोट उचलायला घ्यायचे.

सरांना मी शेवटचं पाहिलं ते उतराणीच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी. निवृत्त होऊन ते भावाकडं अकोल्याला चालले होते. तो दिवस त्यांनी मुद्दाम निवडला होता. उतराणीला सुरतेतलं झाडून सगळं माणूस पतंगासाठी गच्चीवर असतं, म्हणजे पोहोचवायला कुणी येणार नाही, असा त्यांचा हिशेब. तरी मी गेलो. उधना स्टेशनचा फलाट ओस पडला होता. एक हमालसुद्धा नव्हता. समोरच्या चाळींच्या गच्च्यांवरून पतंग कापल्याच्या "काप्यो छे" अशा आरोळ्या येत होत्या. सर एकटेच पत्र्याच्या ट्रंकेवर बसले होते, आणि जिन्यावरून भिकन येत होता.

"तू काहून आला बे? पतंग उडव ना."

"उडवला, सर. आ हाथथीच उडवला," भिकन म्हणाला आणि डावा हात दाखवला.

गाडी आली. मी ट्रंकेला हात घालणार, तर भिकननं मला कोपरानं बाजूला सारलं आणि डाव्या हातानं कडी धरली.

"उजव्यानं घे रे," सर म्हणाले.

"बरा आहे, सर. बघा तुम्ही."

त्यानं ट्रंक उचलली. चांगली जड होती. ताठ चालत डब्यापर्यंत नेली. मी शेजारून चालत होतो, मला बोटं दिसत होती, पांढरी पडलेली. सर मागं होते, त्यांना फक्त त्याची ताठ पाठ दिसत असणार, आणि ती बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं होतं, ते मी गाळ्यातल्या जुन्या दिवसांनंतर पाहिलं नव्हतं. दाराच्या पायरीशी भिकननं ट्रंक वर उचलायला घेतली. अर्ध्यात बोटं उघडली. एकेक करून, सावकाश. त्यानं दात आवळले, पण ती उघडतच गेली.

सर पुढं धावले. खालून गुडघा लावला, दोन्ही हात लावले. मी कडी पकडली. ट्रंक आत गेली. भिकननं हात पाठीमागं नेला आणि खाली बघत उभा राहिला.

सरांनी फलाटावर एकदा या टोकाला पाहिलं, एकदा त्या टोकाला.

"भल्ली गर्दी आहे बाप्पा आज," ते म्हणाले. "धक्का लागला तुले."

भिकननं मान वर केली. "हो, सर. मागून लागला."

"मोठाच लागला," मी म्हणालो.

आणि गाडी सुटेपर्यंत आम्ही तिघं त्या गर्दीत अंग चोरून, एकमेकांना खेटून उभे राहिलो.